खोडातली चौकट

दाराची लोखंडी जाळी कुणीतरी गदागदा हलवत होतं. किम नियोने मिरच्या कुटायचं थांबवून मान वर केली. जाळीचा खणखणाट, बाहेरच्या व्हरांड्यातून जाणाऱ्या सपातांची फटफट, खालच्या घरात कढईत पडलेल्या लसणाचा चर्रकन आवाज, सगळं कानात सुटं सुटं आणि स्वच्छ येत होतं. कानातलं हे नवं यंत्र आल्यापासून तिला असं ऐकत राहण्याचा नादच लागला होता. हात पुसत ती बाहेर आली. जाळीपलीकडे शेजारची रोकिया उभी होती, बाजाराची पिशवी अजून हातातच, डोक्यावरचं कापड मागे सरकलेलं. म्हाताऱ्या बाईला मानाने म्हणतात तसं ती किम नियोला बिबिक म्हणायची. "बिबिक, घरातच आहेस होय? मला वाटलं, मरून पडलीस की काय! तो केव्हाचा ओरडतोय आत. मला लिफ्टपाशी ऐकू आलं." "कोण ओरडतोय?" "कोण म्हणजे? तुझा म्हातारा, दुसरं कोण!"

पो सेंग खुर्चीतून अर्धा खाली घसरला होता. निकामी झालेला उजवा हात खुर्ची आणि भिंतीच्या मध्ये अडकला होता, कमरेला गुंडाळलेला सारोंग भिजला होता. किम नियो दारातच थबकली. त्याचं तोंड उघडं होतं. ओठांचा चंबू, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, छाती भात्यासारखी वरखाली. आणि त्या तोंडातून काहीच बाहेर येत नव्हतं. एखाद्या दुकानात टीव्हीचा आवाज बंद ठेवलेला असावा आणि आत कुणी गात असावं, तसं. रोकिया पिशवी टाकून पुढे झाली, त्याच्या बगलेत हात घालून म्हणाली, "आलो ना आम्ही, आलो. थांबव आता, कान किटले माझे." काय थांबव? किम नियोला कळेना. खिडकीबाहेर मैना ओरडत होत्या, रोकियाच्या बांगड्या वाजत होत्या, खुर्चीचे पाय फरशीवर करकरले, आणि रोकिया त्या मिटल्या शांततेला थांबव म्हणत होती. मग तिने पाहिलं की पो सेंगने ओठ मिटले आणि त्याच क्षणी रोकियाने सुटकेचा श्वास सोडला. "बघ, थांबला. तू नेहमी अशीच करतेस का गं? तो हाका मारतो आणि तू आपली आत मिरच्या कुटत बसतेस?"

त्याला नीट बसवून, पुसून, कोरडा सारोंग नेसवून झाल्यावर रोकिया गेली. जाताना म्हणाली, "भांडला असशील तर भांडण मिटव. बायका रुसल्या तरी इतकं करत नाहीत." हे ती पो सेंगला म्हणाली, पण बघत होती किम नियोकडे. किम नियो त्याच्या पायाशी स्टुलावर बसली. "सेंग, पुन्हा कर," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे तेच होते, अर्धांगाच्या झटक्याने चेहऱ्याची एक बाजू ओघळली तरी डोळ्यांना काही झालं नव्हतं. "मघाशी करत होतास ते. कर ना." बऱ्याच वेळाने, जणू तिच्यावर उपकार म्हणून, त्याने ओठांचा चंबू केला. तिने कानातलं यंत्र उपसून काढलं. जग कापसात बुडालं, मैना गेल्या, रस्ता गेला, आणि तोही आला नाहीच. आताशा तिचे उघडे कान त्या कामाचे राहिले नव्हते. मग तिने तळहात त्याच्या छातीवर ठेवला. हाताखाली छाती गुणगुणत होती. बारीक, सलग, एका जागी न हलणारी थरथर, पेटीचा एक सूर कुणी दाबून धरावा तशी. तिने यंत्र पुन्हा कानात घातलं. मैना आल्या, रस्ता आला. हाताखाली थरथर चालूच होती आणि कानात तिचा मागमूस नव्हता. तेव्हा तिला कळलं. कळायला तिला क्षणसुद्धा लागला नाही, कारण ते तिनेच काढलेलं चित्र होतं.

निवृत्त होईपर्यंत किम नियो कानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होती, आणि तिच्या खात्यात कुणी प्रोग्राम लिहीत नसे. लोकांना हे सांगितलं की ते हसायचे. मग करता काय? आम्ही चित्रं काढतो, ती म्हणायची. चौकटी आणि बाण. आवाज मायक्रोफोनमधून पहिल्या चौकटीत शिरायचा, तिथून बाणावरून दुसरीत, एक चौकट त्याचे उंच-खोल भाग वेगळे करायची, एक त्यातले दबलेले भाग मोठे करायची, एक पुन्हा सगळं जुळवायची आणि शेवटचा बाण माणसाच्या कानात. प्रत्येक चौकट आपल्या दारात काही येईपर्यंत गप्प बसून असायची. आलं की आपलं काम करायची आणि पुढे द्यायची. चित्र पुरं झालं की त्यावरून प्रोग्राम मशीन लिहायचं. तिला यात फार नवल कधी वाटलं नव्हतं. लहानपणी कातोंग भागातल्या घरात मागच्या पडवीत आई मण्यांच्या सपाता भरायची, तेव्हा चौकटींच्या कागदावरचं एकच फूल ती सगळ्यांसाठी वापरायची. थोरलीच्या सपातेत फूल गुलाबी, काकूच्या निळं, नवरीच्या सपातेत त्याला दोन जास्तीच्या पाकळ्या, म्हाताऱ्या बिबिकांसाठी पाकळ्या गाळलेल्या. "देठ मात्र मोडायचा नाही," आई सांगायची, "देठ सगळ्यांचा एकच." दिव्याखाली वाकलेली आईची मान, सुईच्या टोकावर चढणारा मोहरीएवढा मणी, गुडघ्यावरच्या थाळीत रंगांचे ढीग. त्या पडवीचा आता मागमूसही नाही, तिथे उंच इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर कुत्र्यांचे केस कापतात. पण चौकटींचा कागद किम नियोला पुन्हा भेटला तो कंपनीत, आणि तिला वाटलं, हे तर आपल्याला येतं.

कंपनीलाही तेच हवं होतं. एका चित्रातून एक यंत्र नव्हे, सबंध कुटुंब. स्वस्त यंत्र, महाग यंत्र, शाळकरी पोरांचं, कारखान्यातल्या कामगाराचं, दोन्ही कानांचं मिळून एक, अशी कितीतरी वाणं एकाच झाडाला लागायची. ते झाड खात्याच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. ज्याला हवं त्यालाच द्यायचं ते फांद्यांवर, आणि सगळ्यांनाच द्यायचं ते खोडात. फांदीवरच्या चौकटीला घ्या किंवा गाळा असं बटण असायचं. खोडातल्या चौकटीला बटण नसे. ती गाळून वाण काढायचा प्रयत्न केला तर मशीन नकार द्यायचं, पडद्यावर लाल रेघ यायची आणि पुढे काही हलायचं नाही. आणि काय खोडात जायचं ते ठरवायची एक रीत होती. डेन्मार्कहून आलेल्या ब्रून साहेबाने ती घालून दिली होती. सगळे टेबलाभोवती बसले की तो एकेक चौकट वर धरून विचारायचा, "ही ज्याला नको असेल असा एक माणूस सांगा. कल्पनेतला चालणार नाही. हाडामांसाचा, नाव असलेला." कुणी नाव सांगितलं की चौकट फांदीवर. कुणालाच सुचलं नाही की खोडात. किम नियोला ती रीत फार आवडायची. दर वेळी सगळे आपापल्या चाळीतल्या, नात्यातल्या बहिऱ्या माणसांची आठवण काढायचे, हसायचे, भांडायचे, "माझ्या मामाला मोठा आवाज नकोच, त्याला बायकोचं ऐकायचंच नाही!" आणि त्या मामाच्या नावाने एक बटण जन्माला यायचं.

तिची स्वतःची चौकट त्या सगळ्यात देखणी होती. यंत्रं तेव्हा शिट्ट्या मारायची. कानातला स्पीकर आणि बाहेरचा मायक्रोफोन इतके जवळ की आवाज फिरून फिरून स्वतःलाच गिळायचा आणि एक बारीक किंकाळी सुटायची. म्हातारी माणसं यंत्र काढून खणात टाकून द्यायची. त्यात पंखे, फ्रीज, वातानुकूलन, हे शहर सदानकदा गुणगुणणारं. किम नियोला एका दुपारी बसमध्ये सुचलं. बोलणं म्हणजे काय? बोलणं सारखं बदलत असतं. क वरून आ वर, आ वरून म वर, एक क्षण ते जागेवर राहत नाही. जे बदलत नाही ते बोलणं नव्हे. मग जे बदलत नाही ते ओळखायचं आणि पुसून टाकायचं. एवढंच. घरी येऊन तिने रात्रीच्या जेवणाआधीच चित्र काढलं, आणि रविवारी पो सेंगला खिडकीशी उभं केलं. तो तेव्हा बसचा तपासनीस होता, गणवेशाची पॅन्ट आणि वर बनियन, हातात कॉफीचा पेला. "एक सूर धर," ती म्हणाली, "आणि हलवू नकोस." "कुठला?" "कुठलाही. फक्त एकच. ऊऊऊ असं." "आणि मला हसू आलं तर?" "हसू नकोस. हसणं बदलतं." त्याने पेला ठेवला, ओठांचा चंबू केला आणि सूर धरला. त्याचा श्वास मोठा होता. पडद्यावरची रेघ उंच गेली, चौकटीने तिला जोखलं आणि मग ती रेघ हळूहळू खाली, खाली, तळाला जाऊन आडवी झाली. तो गातच होता, छाती फुगवून, डोळे वटारून, आणि कान गच्च बुजवणाऱ्या यंत्रात तिला खिडकीबाहेरच्या मैना ऐकू येत होत्या पण तो नाही. तिने टाळ्या पिटल्या. त्याचा श्वास संपला तेव्हा तो म्हणाला, "झालं? नवऱ्याला गप्प करायचं यंत्र पण काढलंस! आता पेटंट घे, शहरातल्या सगळ्या बायका रांग लावतील." दोघं किती हसली होती. कॉफी निवून गेली होती.

पुढच्या बैठकीत ब्रून साहेबाने ती चौकट वर धरली. "ज्याला नको असेल असा माणूस?" कुणी तरी म्हणालं, बासरीवाला. "नाव?" नाव कुणाला येईना. "बासरीवाले बहिरे होत नाहीत," किम नियो म्हणाली आणि सगळे हसले. मग चौकट खोडात गेली. चूक झाली होती असं तिला आजही म्हणता येत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. चूक असती तर तिला धरायला काही मिळालं असतं. कितीतरी म्हाताऱ्यांनी खणातून यंत्रं काढून पुन्हा कानात घातली होती. तिने ज्यांना कधी पाहिलं नाही अशी माणसं नातवंडांचं बोलणं ऐकत मेली होती. आणि त्या रविवारी तिने टेप करून ठेवलेलं पो सेंगचं गाणं कंपनीत राहिलं. खात्यातल्या कुणाला तरी ते इतकं सोयीचं वाटलं की प्रत्येक नव्या वाणाची तीच पहिली चाचणी झाली. झाडाला नवं यंत्र लागलं की त्याला आधी पो सेंगचा सूर ऐकवायचा. तो पुसला गेला तर यंत्र पास. तिच्यानंतर आलेली पोरं त्याला अंकल चाचणी म्हणायची. ती घरी येऊन त्याला सांगायची, "आज सात जणांनी तुला गप्प केलं." तो म्हणायचा, "तू एकटी करतेस तेवढं पुरत नाही वाटतं."

आणि आता त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. झटक्यानंतर इस्पितळात सगळे शब्द गेले, तिचं नाव गेलं, आकडे गेले, शिव्या गेल्या, नर्सला मारायचे विनोद गेले, आणि तळाशी हा एक सूर राहिला. हवं-नको, तहान, राग, इकडे ये, सगळ्याला तोच. इस्पितळातून घरी आणला तेव्हा तो सूर तिला लांबून आल्यासारखा यायचा, दोन भिंतींपलीकडून यावा तसा. मग तेवढाही येईना. म्हणून तर तिने यंत्र घेतलं. निवृत्त झालेल्यांना कंपनी जे साधं वाण देते ते, तिच्याच झाडाचं. त्याची हाक चुकायला नको म्हणून. आणि यंत्र घातल्या दिवसापासून तो गप्प झाला. तिला तसंच वाटलं होतं, गप्प झाला. ती स्वयंपाकघरात असायची आणि आतून काही यायचं नाही. खोलीत गेली की तो भिंतीकडे बघत असायचा किंवा तिच्याकडे, तोंड उघडं. ओघळलेलं तोंड उघडं राहणारच, ती रुमालाने पुसायची. दिवसचे दिवस. तिला आधी काळजी वाटली, मग लागलं, मग राग आला. इतकी वर्षं मी काढली, आणि याला मला हाकसुद्धा मारावीशी वाटत नाही? ठीक आहे. तीही मग बोलेनाशी झाली. पूर्वी ती मोईचा, भाताच्या पेजेचा, वाडगा घेऊन बसली की त्याला भरवता भरवता मासळीबाजारात कोण भेटलं ते सांगायची. ते तिने बंद केलं. चमचा पुढे, चमचा मागे. आणि तो त्या सगळ्या दिवसांत हाका मारत होता. ती तीन पावलांवर पाठमोरी उभी राहून त्याच्या चादरीची घडी घालत होती आणि तो तिच्या पाठीला हाका मारत होता. त्याला काय वाटलं असेल? त्याला यंत्राबद्दल काय ठाऊक? त्याला दिसत होतं ते एवढंच, की फोन वाजला की ती उठते, रोकियाने लांबून विचारलं तरी उत्तर देते, खाली पोपटवाल्याचा पिंजरा करकरला तरी मान वळवते. आणि आपल्याला ओ देत नाही.

संध्याकाळी तिने थेनमोळीला फोन लावला. थेनमोळी तिच्या हाताखाली आली तेव्हा वेणीत मोगरा माळणारी पोर होती. आता ते झाड तीच सांभाळायची. "आंटी! आज कशी काय आठवण झाली? नवं चित्र सुचलं की काय?" किम नियोने सांगितलं. सांगताना आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिला नवल वाटलं. "आंटी," थेनमोळी म्हणाली, "ती खोडात आहे." "मला माहीत आहे ती कुठे आहे." "नाही, म्हणजे, तिच्यावर आता केवढं उभं आहे. नंतर घातलेली प्रत्येक चौकट ती आहेच असं धरून चालते. मी बटण लावायचं म्हटलं तरी मशीन मला सगळं झाड लाल करून दाखवेल. आणि साहेब लोक विचारतील, कुणासाठी? एका माणसासाठी?" "नाव असलेल्या," किम नियो म्हणाली. थेनमोळी हसली नाही. "महागातल्या यंत्रात गाण्यासाठी थोडं सैल करता येतं ना?" किम नियोने विचारलं. "थोडं. पण अंकल चाचणीत तीही सगळी पास आहेत, आंटी. तुम्हीच सांगायचात ना, हा एक सूर सुटला तर यंत्र बाहेर जाऊ द्यायचं नाही? दुसऱ्या कंपन्यांचीही तीच गत आहे. आता सगळ्यांकडेच ती चौकट आहे." त्या शेवटच्या वाक्यात कौतुक होतं. किम नियोने फोन ठेवला.

रोकियाने दुसऱ्या दिवशी पितळी घंटी आणली. "डाव्या हाताने वाजवता येईल. माझ्या सासूला दिली होती, दिवसभर घर डोक्यावर घ्यायची." किम नियोने घंटी त्याच्या डाव्या हातात दिली. एकदा वाजवून दाखवली. ती त्याला म्हणाली, "सेंग, मला ऐकू येत नव्हतं. तुझं तेवढंच येत नाही. ती माझी चौकट, आठवते? तू खिडकीशी उभा राहिला होतास." तिने ओठांचा चंबू करून सूर धरून दाखवला, त्याला समजावं म्हणून, आणि गाता गाता तिला त्याचे डोळे दिसले. तो तिच्याकडे असा पाहत होता, जसा पूर्वी बसमधल्या एखाद्या उतारूकडे बघायचा, फुकट बसून वर चेष्टा करणाऱ्या. ती चटकन थांबली. "चेष्टा नाही रे करत," ती म्हणाली. त्याने घंटी मांडीवर ठेवली, मग बोटांनी हळूच ढकलली. ती फरशीवर पडून लांबपर्यंत वाजत गेली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की बोललेलं त्याला किती पोचतं हे नक्की सांगता येणार नाही. किम नियोने ती उचलून पुन्हा दिली. त्याने पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा तिने दिली नाही.

थेनमोळी आली ती पुढच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, हातात संत्र्यांची पिशवी आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं एक यंत्र. दाराशी चपला काढतानाच म्हणाली, "कुणाला सांगू नका." तिने मशीनला विचारलंच नव्हतं. झाडाच्या बाहेर, वेगळ्या कागदावर, साध्या वाणाची नक्कल घेऊन ती चौकट हाताने कापून काढली होती आणि तुटलेल्या बाणाची दोन टोकं एकमेकांना जोडली होती. "हे कुटुंबातलं नाही, आंटी. याला नंबर नाही. बिघडलं तर कुणी दुरुस्त करणार नाही, आणि झाडात पुढे काही सुधारलं तर याच्यापर्यंत पोचणार नाही. शिट्टी मारेल. खूप मारेल." "मारू दे." किम नियोने ते कानात घातलं. शहर अंगावर आलं. पंखा, फ्रीज, समोरच्या इमारतीचं वातानुकूलन, सगळं एकाच वेळी घरघरत आत शिरलं. तिला आपली चौकट आठवली आणि तिच्याबद्दल माया वाटली, जशी मेलेल्या कामसू माणसाबद्दल वाटते. "एक ऐकवू?" थेनमोळी म्हणाली. तिने फोन काढला. "हे अंकल चाचणीत नापास झालं. आजवरचं पहिलंच." आणि तिने तो जुना सूर लावला.

तो आला. रुंद, तरणा, कॉफी प्यालेला आवाज, एका जागी ठाम उभा. किम नियोने डोळे मिटले नाहीत. ती फोनकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत तिने हा सूर पडद्यावर हजारदा पाहिला होता, दर वेळी रेघ तळाला जाताना. पण ऐकला तो त्या रविवारी, तोही चौकटीने पुसण्याआधी निमिषभर. चौकटीशिवाय तो संपेपर्यंत कसा होता हे तिला आत्ता कळत होतं. शेवटी तो किंचित कापत होता. हसू दाबत होता तो. आणि सूर तुटल्यावर, कुणी तरी कापून टाकायचा राहिलेला एवढासा श्वास होता, आत ओढलेला, पुढचं वाक्य बोलण्यासाठी. तिथे संपत होतं. "पुन्हा," किम नियो म्हणाली. थेनमोळीने पुन्हा लावलं. आत खोलीत पो सेंगच्या खुर्चीचा आवाज झाला. दोघी धावल्या. तो दाराकडे तोंड करून बसला होता, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. त्याने ऐकलं होतं. "अंकल, तुमचाच आहे," थेनमोळी मोठ्याने म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे फेमस आहात!" किम नियो त्याच्यासमोर वाकली. "आता येतं मला ऐकू. सगळं येतं. मार हाक. सेंग, एकदा मार." तो तिच्या तोंडाकडे बघत होता, मग कानाकडे, मग दारातल्या त्या फोनकडे, ज्यातून त्याचा आवाज आला होता. ओठ थोडे हलले. मग त्याने ते मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली.

थेनमोळी गेली. संत्री टेबलावर राहिली. त्यानंतर किम नियो स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवूनच काम करायची. तिने पंखा बंद केला, फ्रीजची तार दुपारी काढून ठेवायची, घाम पुसत कान लावायची. चौकटीसारखी, ती मनाशी म्हणायची. दारात काही येईपर्यंत बसून राहायचं. पण चौकटीला जीव नव्हता, तिला वाट बघण्याचं काही वाटत नसे. पहिल्याच दिवशी कांदा चिरताना तिला ऐकू आलं, ऊऊऊ, बारीक, सलग, एका जागी न हलणारं. सुरी टाकून ती धावली. तो बसला होता, तोंड मिटलेलं, डोळे भिंतीवर. ती दारात उभी राहिली आणि आवाज तसाच चालू होता. तिने जबडा हलवला, आवाज तुटला. यंत्राची शिट्टी होती. वाकलं की सुटायची, चावलं की सुटायची, केस विंचरताना हात कानाजवळ गेला की सुटायची. आणि त्याच्यासारखीच सुटायची. तिने दोघांना वेगळं करायची खूण शोधली, चढ, उतार, काहीही. खूण नव्हती. खूण असती तर तिने तेव्हाच, त्या रविवारी, चौकटीला शिकवली असती.

रोकिया आता लिफ्टपाशी काही ऐकू येतं म्हणत नव्हती. "शांत झालाय गं तुझा म्हातारा," ती म्हणाली, "मिटलं ना भांडण?" किम नियो हो म्हणाली. ती भाजी टाकायची आणि उठायची, भांडं घासायची आणि उठायची. दर वेळी जायची. न जाऊन चालणार नव्हतं. एखाद्या वेळी तो असला तर? आणि दर वेळी मिटलेलं तोंड. तो तिला येताना बघायचा आणि त्याच्या डोळ्यांत आता रागसुद्धा नसायचा, नुसतं बघणं, खिडकीतून खाली जाणाऱ्या माणसांकडे बघावं तसं. त्याने हाका मारल्या तेव्हा ती आली नव्हती. आता त्याने काही मागितलं नव्हतं आणि ती दहादा येत होती.

एका दुपारी ती जायची-यायची थांबली. मोईचा वाडगा अर्धा संपला होता. तिने तो खाली ठेवला आणि स्टूल खुर्चीला अगदी चिकटवून घेतलं. खिडकीबाहेर मैना ओरडत होत्या. तिने त्याला मासळीबाजाराचं सांगायला सुरुवात केली, कोण भेटलं, कोळंबी कशी महाग झाली, बोलता बोलता तिला ते ऐकू आलं. ऊऊऊ. या वेळी इतकं जवळ, इतकं भरलेलं, शेवटाकडे किंचित कापणारं, की ती बोलायची थांबली, जबडा हलवला नाही, मान हलवली नाही, श्वास धरला. त्याचं तोंड खाली झुकलं होतं, हनुवटी छातीला टेकलेली, ओठ दिसत नव्हते. तिने हळूच हात पुढे केला आणि तळहात त्याच्या छातीवर ठेवला, तिथेच, जिथे त्या दिवशी ठेवला होता.

छाती वर आली, खाली गेली. हाताखाली थरथर नव्हती. कानात आवाज चालूच होता.